कापसाचा धागा लांब कशामुळे होतो? एन्झाइमांच्या जनुकांची पार्श्वभूमी

मुंबई कापसावर वाढली. 1854 साली कावसजी नानाभाई दावर यांनी इथल्या पहिल्या कापड गिरणीची मुहूर्तमेढ रोवली. 1861 ते 1865 या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात मुंबईहून जाणाऱ्या रुईला लँकेशायरमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या कापड गिरण्यांच्या भागात, सोन्याचा भाव आला, पण तिथल्या कामगारांची तक्रार मिटली नाही: धागा आखूड, सूत सारखं तुटतं. इकडे बाजारात जाणकार रुईचा झुपका बोटांनी ओढून लांबी जोखत. 1921 साली इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी स्थापन झाली आणि 1924 साली तिने माटुंग्याला प्रयोगशाळा उभारली, आजची 'सिरकॉट' ही कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था. लांबी, बारीकपणा, ताकद यांचं शास्त्रशुद्ध मोजमाप तिथे सुरू झालं. एक वाण लांब धाग्याचा आणि दुसरा आखूड का, याचं उत्तर मात्र बोंडाच्या आत शोधावं लागणार होतं.

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलण्याच्या सुमारास बीजांडाच्या, म्हणजे पुढे सरकी होणाऱ्या भागाच्या, बाहेरच्या थरातल्या साधारण चौथा हिस्सा पेशी फुगू लागतात. पुढचे वीसेक दिवस त्या नुसत्या लांब होत जातात. अमेरिकन कापसात अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंत. लांबी पुरी होत आली की आतून सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभिंती ज्याच्या बनतात त्या पदार्थाचे, थर चढतात, आणि पक्व तंतूत नव्वद टक्क्यांहून जास्त तेच असतं. एकदाही न विभागता एक पेशी एवढं करते, हे मला आजही थक्क करतं.

सेल्युलोज बांधणारा एन्झाइम (पेशीतली रासायनिक कामं घडवून आणणारं प्रथिन) वनस्पतींमध्ये हुडकायला संशोधकांना फार वर्षं लागली, कारण पेशीबाहेर काढताच तो काम जवळपास थांबवतो. जिवाणूंमधलं त्याचं जनुक आधी सापडलं. 1996 साली डेबोरा डेल्मर आणि सहकाऱ्यांनी त्याच्याशी जुळणारी जनुकं कापसाच्या तंतूतच शोधली. थर चढू लागण्याच्या वेळीच ती जोरात चालू होतात. माझ्या मते या कथेतलं खरं वळण हेच, कारण धाग्याच्या ताकदीचं मूळ प्रथमच नेमक्या जनुकापर्यंत नेता आलं.

या बांधकामाला लागणारा माल साखरेतून येतो. सुक्रोज सिंथेज हा एन्झाइम पानांतून आलेली साखर फोडून सेल्युलोजचा कच्चा माल पुरवतो. 2003 साली ऑस्ट्रेलियातल्या यॉन्ग-लिंग रुआन, डॅनी ल्युवेलिन आणि रॉबर्ट फरबँक यांनी त्याच्या जनुकाचं काम दाबून पाहिलं, तर तंतू फुटणंच कमी झालं आणि सरकीची वाढही खुंटली. म्हणजे हे जनुक धाग्यापुरतं नाही, बियाण्याच्या जिवाशीही बांधलेलं आहे. दुसरा एन्झाइम, इन्व्हर्टेज, पेशीतल्या रिक्तिकेत (पाण्याने भरलेल्या पिशवीत) साखरेचे दोन भाग करतो. त्यामुळे पाणी आत ओढलं जातं आणि त्या दाबाने पेशी ताणली जाते.

आता 2002 पासून आपल्या शेतात पसरलेलं बीटी बियाणं घ्या. त्यातलं जनुक बोंडअळीसाठी आहे, तंतूच्या या यंत्रणेशी त्याचा संबंध नाही. आणि आज बहुतेक शेतात असलेल्या अमेरिकन कापसात दोन पूर्वजांचे गुणसूत्रसंच एकत्र आहेत, एकूण 52 गुणसूत्रं. देशी कापसात 26. त्या दोन पूर्वजांपैकी एकाच्या कुळात सूत काढण्याजोगा तंतू येतच नाही, तरीही त्याच्याकडून आलेल्या गुणसूत्रांवर धाग्याच्या गुणांशी जोडलेल्या कित्येक जागा 1998 साली सापडल्या. एखाद्या एन्झाइमचं जनुक बदलायचं तर त्याच्या दोन्ही संचांतल्या प्रती तपासाव्या लागतात, त्या यामुळेच.