घड्याळ काढण्याआधी पाकिटं मोजा

ओळखीतल्या एका छापखानेवाल्यांनी बोलावलं होतं. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची प्रगतिपुस्तकं असं काम. तक्रार एकच: पत्रिका हातात पडायला आठवडा लागतो, म्हणून गिऱ्हाईक दुसरीकडे जायला लागलंय. निदानही त्यांनीच करून ठेवलं होतं. ऑफसेट मशीन जुनं झालंय आणि ते चालवणारा मुलगा सुस्त आहे. मी घड्याळ घेऊन त्याच्याजवळ उभं राहावं, म्हणजे वेळ कुठे जातो ते कळेल. नव्या मशीनचं कोटेशनही खणात तयार होतं.

घड्याळ घेऊन उभं राहणं ही कामाचा वेळ आणि पद्धत तपासण्याच्या शास्त्रातली जुनी रीत. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी 1880च्या दशकात पोलादाच्या कारखान्यात ती रुजवली. कामाचे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला किती सेकंद लागतात ते टिपायचं, फालतू तुकडे गाळायचे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्याने पुढे सेकंदांपेक्षा हालचालींवर भर दिला. फ्रँक स्वतः गवंडीकाम केलेले. प्रत्येक विटेसाठी गवंडी खाली वाकतो हे बघून त्यांनी विटा हाताच्या उंचीवर राहतील अशी परांची बनवली आणि एक वीट बसवण्याच्या 18 हालचाली 5 वर आणल्या. एकच काम दिवसभर हातांनी होत असेल तिथे ही पद्धत आजही चोख चालते.

पण घड्याळ दिसलं की माणसाचं काम बदलतं. कोणी घाईने करतो, कोणी मुद्दाम सावकाश. राग येतो तो वेगळाच. 1911 मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रकारखान्यात घड्याळ लावल्याबरोबर ओतारी काम टाकून बाहेर पडले. आपल्याकडे 1928 मध्ये मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत अशी ‘कार्यक्षमते’ची योजना पुढे आली, आणि गिरण्या जवळपास सहा महिने बंद राहिल्या. तेव्हा मुलाच्या उरावर घड्याळ धरायची मला काही हौस नव्हती.

मी पाकिटं मोजली. या छापखान्यात प्रत्येक जॉबचं, म्हणजे छपाईच्या प्रत्येक कामाचं, एक खाकी पाकीट असतं. मजकूर, प्रूफ (छपाईआधी तपासायची प्रत), कागदाचा नमुना सगळं त्यात. जॉब जिथे जाईल तिथे पाकीट जातं. त्या सकाळी छापखान्यात 48 पाकिटं होती. डिलिव्हरीची वही चाळली, तर दिवसाला सरासरी 8 जॉब बाहेर पडत होते. 48 भागिले 8, म्हणजे 6 दिवस. एका जॉबला लागणारा सरासरी वेळ असा एकही घड्याळ न लावता निघतो. याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये त्याची सिद्धता दिली. बँकेतली रांग असो की दवाखान्यातले पेशंट, नियम तोच: आत असलेली संख्या म्हणजे बाहेर पडण्याचा वेग गुणिले आतला सरासरी मुक्काम. अट एवढीच, की जेवढं काम येतंय साधारण तेवढंच बाहेर पडत असलं पाहिजे. ऐन लग्नसराईत, पाकिटं रोज वाढत असताना हा भागाकार फसवतो.

हाच भागाकार एकेका टप्प्यालाही लागू पडतो. मशीनपाशी पाकिटं होती फक्त 4, म्हणजे अर्ध्या दिवसाचा मुक्काम. नवं मशीन दुप्पट वेगाचं आणलं तरी सहा दिवसांतून वाचणार पाव दिवस! आणि प्रूफच्या टप्प्यावर होती 29. म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त.

मालकांना हे पटेना. “मशीन बंद पडलेलं मी रोज बघतो,” म्हणाले. त्यावर टिपेट यांची युक्ती काढली. इंग्लंडच्या कापडधंद्यातले हे संख्याशास्त्रज्ञ. 1930च्या दशकात त्यांनी दाखवलं की मागापाशी दिवसभर उभं राहायची गरज नाही. अवचित वेळी नजर टाकायची, किती माग बंद दिसतात ते टिपायचं, पुन्हा निघून जायचं. शितावरून भाताची परीक्षा, फक्त शितं चिठ्ठी टाकून निवडायची. रोज बरोबर अकरालाच गेलात तर चहाची सुट्टीच मोजाल.

आम्ही काही दिवसांत 100 वेळा पाहिलं. 38 वेळा मशीन बंद. इतक्या निरीक्षणांत खरा आकडा साधारण 28 ते 48 टक्क्यांत कुठेही असू शकतो. ही चूक निम्मी करायची तर निरीक्षणं चौपट, म्हणजे 400 लागतात. पण आमचं काम 100 मध्येच भागलं, कारण मशीन का बंद आहे तेही शेजारी लिहीत होतो. मुलगा जागेवर नाही: 4 वेळा. बाकी बहुतेक वेळा ‘प्लेट नाही’, म्हणजे मशीनवर चढवायचा छपाईचा पत्रा तयार नाही. प्लेट नाही कारण प्रूफ पास नाही.

मग ती 29 पाकिटं उघडली. 12 जॉबची प्रूफं गिऱ्हाइकांकडे गेलेली. उरलेली 17 पाकिटं मालकांच्याच टेबलावर होती. एकदा कुणाच्या तरी पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली होती, तेव्हापासून ते प्रत्येक प्रूफ स्वतः वाचतात. फोन, गिऱ्हाईक, कागदवाला, उधारी हे सगळं सांभाळून.

यात कष्टाची कसूर नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले गणिती एर्लांग यांनी 1909 मध्ये रांगांचं गणित मांडायला सुरुवात केली, त्यातलं सगळ्यात साधं सूत्र इथे पुरतं. कामं कधीही येत असतील आणि प्रत्येकाला कमीजास्त वेळ लागत असेल, तर सरासरी 10 मिनिटांच्या कामासाठी 80 टक्के व्यग्र माणसापुढे सरासरी 40 मिनिटं थांबावं लागतं. 90 टक्क्यांना 90 मिनिटं. 95 टक्क्यांना 190, म्हणजे तीन तासांच्या वर. शेवटच्या थोड्याशा मोकळ्या वेळावरच सगळी रांग तोललेली असते, आणि मालकांकडे तोच उरला नव्हता.

त्यांनी नावं, तारीख आणि मुहूर्त एवढंच स्वतः बघायचं ठरवलं, सकाळी दहाला आणि दुपारी चारला. बाकी मजकूर डिझाइन करणारी मुलगी वाचते. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा टेबलावर 5 पाकिटं होती. मुलगा सुस्त आहे, हे म्हणणं मात्र त्यांनी अजून मागे घेतलेलं नाही.