मागच्या चाकाचा नट आवळून बेरिंग ॲडजस्ट होत नाही!

"मागचं चाक हलतंय? मधला मोठा नट आवळ, बेरिंगचा प्ले (ढिलेपणा) जाईल." जुन्या जीपवाल्यांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय, आणि साफ चूक आहे. पुढच्या चाकाला नटानेच बेरिंग सेट होतं, म्हणून मागेही तसंच असणार असा समज झाला, बस.

१९५३ साली आलेली विलिज सीजे-३बी घ्या, आपल्याकडे महिंद्राने बनवली तीच. हिच्या टेपर शाफ्टवाल्या (टोकाला निमुळता दांडा असलेल्या) मागच्या ॲक्सलला तो नट फक्त ब्रेक ड्रमचा हब, म्हणजे मधला भाग, शाफ्टच्या टेपरवर घट्ट बसवतो. ढिला राहिला तर हब सरकतो, आणि हब-शाफ्टला जोडणारी छोटी पट्टी (key) व शाफ्टची खाच खाऊन जाते, म्हणून आवळायचा जोरातच, पण बेरिंगचा त्याच्याशी संबंध नाही.

प्ले ठरतो तो बॅकिंग प्लेटच्या (ब्रेक ज्यावर बसतात त्या पत्र्याच्या) मागे असलेल्या पातळ शिम्सवर, म्हणजे धातूच्या चकत्यांवर. शिम काढली की प्ले कमी, घातली की जास्त. पाहिजे किती, तर ०.००१ ते ०.००६ इंच, म्हणजे शून्य नाहीच! शून्य केलात तर बेरिंग तापणार. हाताने हलवून हे कळत नाही, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावाच, आणि मोजायच्या आधी शाफ्टच्या टोकाला लाकडी हातोडीने एक टोला द्या म्हणजे बेरिंगचा कप (बाहेरची कडी) नीट बसतो, नाहीतर रीडिंग खोटं येतं.

अजून एक गंमत, दोन्ही शाफ्टची आतली टोकं डिफरेन्शियलमधल्या एकाच ठोकळ्याला टेकतात, त्यामुळे डावीकडची शिम काढली तरी उजवीकडचा प्ले बदलतो. शिम्स दोन्ही बाजूंना साधारण सारख्याच ठेवा.