‘एव्हर’ : जर्मन भाषांतर

‘एव्हर’ हे इंग्रजीतील कालवाचक क्रियाविशेषण. मराठीत वाक्य पाहून त्याचे ‘कधी’, ‘कायम’, ‘सदा’ असे अर्थ होतात. जर्मनमध्येही त्याला एकच ठरलेला प्रतिशब्द नाही. कोशात ‘ये’, ‘येमाल्स’ (दोन्हींचा अर्थ ‘कधी’) आणि ‘इमर’ (‘नेहमी’) हे शब्द सापडतात, पण प्रत्यक्ष भाषांतरात पुष्कळदा यांपैकी एकही कामाला येत नाही.

सर्वाधिक गफलत प्रश्नात होते. ‘हॅव यू एव्हर बीन टू बर्लिन?’ याचे भाषांतर करताना नवशिका कोश पाहून ‘येमाल्स’ घालतो. व्याकरणात चूक नसते, पण प्रश्न जड होतो. ‘उभ्या आयुष्यात कधी बर्लिनला गेलायस का?’ असे विचारल्यासारखा. जर्मन माणूस सहज विचारतो, ‘वार्स्ट डू शोन माल इन बर्लीन?’ यातले ‘शोन माल’ म्हणजे शब्दशः ‘आधीच एकदा’. गेला नसेल तर उत्तर येते, ‘नाइन, नोख नी’ : ‘नाही, अजून कधीच नाही’. आपले ‘अजून’ इथे ‘नोख’शी नेमके जुळते. म्हणून मराठी भाषकाने इंग्रजीचा वळसा न घेता सरळ मराठीवरून जर्मनकडे जावे, हे उत्तम.

नकाराची घडण इंग्रजी आणि जर्मन या दोन्ही भाषांत सारखी आहे. ‘एव्हर’च्या जुन्या रूपाला नकार जोडून ‘नेव्हर’ झाला, तसाच ‘ये’च्या जुन्या रूपापासून ‘नी’. ‘इमर’मध्येही तोच ‘ये’ आहे, त्याच्या जोडीला ‘अधिक’ या अर्थाचा ‘मेर’.

वाक्प्रचारांत ‘ॲज एव्हर’चे ‘वी इमर’ आणि ‘हार्डली एव्हर’चे ‘फास्ट नी’ सरळ होते. ‘एव्हर सिन्स’साठी ‘झाइटडेम’ पुरते. ‘द बेस्ट फिल्म एव्हर’मध्ये मात्र क्रियाविशेषण जाऊन ‘आलर त्साइटन’, म्हणजे ‘सर्व काळांतला’, अशी षष्ठी येते.

परीकथेच्या शेवटचे ‘हॅपिली एव्हर आफ्टर’ तर शब्दाने उतरवूच नये. आपल्या कहाणीला जसे ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हे ठरलेले वाक्य असते, तसे जर्मन परीकथेलाही आहे : ‘उंड वेन झी निख्ट गेश्टॉर्बन झिंट, डान लेबन झी नोख हॉयटे’. ‘आणि ती मेली नसतील, तर आजही जगत आहेत.’ सुखाचा उल्लेखही नाही, ‘एव्हर’चा मागमूस नाही, त्याचे सगळे काम ‘नोख हॉयटे’, ‘अजून आजही’, हे दोन शब्द करतात.