लेखनिकाच्या चुका आणि आइसलँडचं २०२०

२०२१च्या मार्चमध्ये 'डबल म्युटंट' हा शब्द आपल्याकडे घराघरांत शिरला. महाराष्ट्रातल्या नमुन्यांमध्ये करोनाचा एक नवा प्रकार आढळला होता आणि बातम्यांचा सूर असा होता, की जणू विषाणूला दुसरं डोकं फुटलं आहे. त्याच घराण्यातली एक शाखा पुढे डेल्टा म्हणून खरोखरच जीवघेणी ठरली, हे खरं. पण त्या अनुभवातून एक गैरसमज पक्का बसला, की म्युटेशन (विषाणूच्या जनुकीय मजकुरातला बदल) म्हणजे संकट. आजही शिकल्यासवरल्या माणसांशी बोलताना हा शब्द निघाला की त्यांचा चेहरा बदलतो. प्रत्यक्षात बहुतेक बदलांनी विषाणूच्या वागण्यात काडीचाही फरक पडत नाही, आणि नेमके हेच निरुपद्रवी बदल आपल्या सर्वांत जास्त कामाचे असतात. ते कसे, हे समजून घ्यायचं तर आइसलँडच्या २०२० सालाइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

आइसलँडची तेव्हाची लोकसंख्या ३ लाख ६४ हजारांच्या आसपास. लातूर शहरात २०११च्या जनगणनेत याहून जास्त माणसं होती. २८ फेब्रुवारी २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला. उत्तर इटलीत स्कीइंग करून परतलेला माणूस. त्यानंतर आल्प्सच्या बर्फावरून घरी आलेले आणखी कितीतरी जण पॉझिटिव्ह निघाले. मग साथरोगतज्ज्ञ थोरोल्फुर गुद्नासन, आरोग्य संचालक आल्मा मोलर आणि पोलीस अधिकारी विदिर रेनिसन ही त्रिमूर्ती दुपारी दोन वाजता टीव्हीवर दिसू लागली. राजकारणी मागे आणि जाणकार पुढे, अशी ही व्यवस्था होती. लोकांनी ती इतकी मनावर घेतली, की 'मी विदिरचं ऐकतो' असं छापलेले टी-शर्ट निघाले. त्याला पहिल्या नावानेच ओळखायचं कारण म्हणजे आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं. वडिलांच्या किंवा आईच्या नावापुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी' अर्थाचा शब्द लावतात, टेलिफोन डिरेक्टरीही पहिल्या नावाने लावलेली असे, आणि राष्ट्राध्यक्षांनाही नावानेच हाक मारतात.

२४ मार्चपासून वीसपेक्षा जास्त माणसांनी जमायला बंदी आली. लहान मुलांच्या शाळा आणि पाळणाघरं मात्र निर्बंध घालून चालू ठेवली. गरम पाण्याचे सार्वजनिक तलाव बंद झाले, आणि हे तिथल्या माणसांना फार लागलं. जमिनीतून येणाऱ्या उष्णतेवर तापलेले उघड्यावरचे तलाव म्हणजे त्यांची चावडी. बाहेर बर्फ पडत असताना गळ्यापर्यंत पाण्यात बसून गावगप्पा करायच्या, हा रोजचा रिवाज. १८ मे रोजी तलाव पुन्हा उघडायची परवानगी मिळाली, तर रेक्याविकमध्ये ते मध्यरात्रीच उघडले आणि लोक त्या थंडीत रांगा लावून उभे होते.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवल्या जात. लेखनिक कितीही काळजीपूर्वक लिहो, कुठेतरी एखादा काना सुटतो, 'प'चा 'य' होतो. पुढचा लेखनिक त्या पोथीवरून नक्कल करतो तेव्हा आधीची चूक इमानेइतबारे उतरवतो आणि वर स्वतःची एखादी घालतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या विद्वानांनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे देशभरातल्या १,२५९ हस्तलिखितांचा ढीग होता. कोणती पोथी कोणत्या घराण्यातली, हे ठरवण्याचा एक मोठा आधार म्हणजे पाठभेद. दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच चमत्कारिक चूक असेल, तर त्या दोघींची आजी एकच. शुद्ध मजकूर सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे तो याबाबतीत काहीच सांगत नाही. वंशावळ सांगते ती चूक.

करोनाचा विषाणू ही अशीच एक पोथी आहे. त्यात २९,९०३ अक्षरं आहेत आणि लिपीत चारच चिन्हं: ए, यू, जी आणि सी. विषाणू आपल्या पेशीत शिरला की या पोथीच्या नकला सुरू होतात. नक्कल करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, हा लेखनिक. या कुळातल्या विषाणूंकडे आणखी एक विकर असतं, ते मुद्रितशोधकाचं काम करतं आणि चुकीचं अक्षर काढून टाकतं. त्यामुळे हा विषाणू फ्लूच्या विषाणूपेक्षा सावकाश बदलतो. तरीही काही चुका नजरेतून सुटतातच. माणसामाणसांतून पसरणाऱ्या एका साखळीत महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलतात, असा तेव्हाचा वेग होता.

चार अक्षरं जवळून पाहू. २०२०च्या वसंतात युरोपभर पसरलेल्या शाखेत चार बदल हातात हात घालून फिरत होते. जागा क्रमांक २४१, ३०३७, १४४०८ आणि २३४०३. पहिल्या तिन्ही ठिकाणी 'सी'चा 'यू' झाला होता आणि चौथ्या ठिकाणी 'ए'चा 'जी'. २४१वं अक्षर पोथीच्या सुरुवातीच्या समासातलं, त्यापासून प्रथिन बनतच नाही. ३०३७ची गंमत वेगळी. प्रथिन बनताना तीन-तीन अक्षरांचा एक शब्द वाचला जातो आणि प्रत्येक शब्दाला एक अमिनो आम्ल मिळतं. इथे 'यूयूसी'चा 'यूयूयू' झाला, पण दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, फिनाइलअलॅनिन. अक्षर बदललं, अर्थ तोच राहिला. १४४०८वं अक्षर खुद्द लेखनिकाच्या, म्हणजे नक्कल करणाऱ्या विकराच्या घडणीच्या मजकुरातलं. तिथे प्रोलीनच्या जागी ल्यूसीन आलं. आणि २३४०३ हे काट्याच्या प्रथिनातलं, म्हणजे ज्या खिळ्यांनी विषाणू पेशीला चिकटतो त्यातलं. तिथे 'जीएयू'चा 'जीजीयू' झाला आणि ६१४व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल जाऊन ग्लायसीन बसलं. या शेवटच्या बदलाने विषाणूचा प्रसार थोडा सोपा झाला, असं पुढे दिसून आलं. साथ कुठून कुठे गेली, ती दिशा ओळखायला मात्र चारही सारखेच उपयोगी. समासातली चूकही घराणं तितक्याच खात्रीने सांगते.

दिशा कशी कळते? समजा, एका रुग्णाच्या विषाणूत हे चार बदल आहेत. दुसऱ्याच्या विषाणूत हे चार आणि पाचवा एक. तिसऱ्याच्या विषाणूत ते पाच आणि सहावा. तर तिसऱ्याची पोथी दुसऱ्याच्या शाखेतली आणि दुसऱ्याची पहिल्याच्या शाखेतली. उलटं असायचं तर सुटलेली चूक पुन्हा दुरुस्त व्हायला हवी, आणि तीस हजार अक्षरांतलं नेमकं तेच अक्षर नेमकं मूळपदावर येण्याचा योग फार दुर्मीळ. आता यातली मर्यादाही पाहा. महिन्याला दोन चुका, पण एकाकडून दुसऱ्याकडे संसर्ग जायला आठवडासुद्धा लागत नाही. म्हणजे आई आणि मुलगा यांच्या विषाणूत अनेकदा एकही अक्षर वेगळं नसतं. कोणाचा कोणाला लागला, हे निव्वळ अक्षरं सांगू शकत नाहीत. तिथे माणसालाच विचारावं लागतं.

आइसलँडने नेमकं हे दोन्ही केलं. रेक्याविकमध्ये १९९६ साली कारी स्टेफान्सन यांनी स्थापलेली डीकोड जेनेटिक्स ही कंपनी आहे. या देशाला वंशावळींचं वेड जुनंच, हजार-बाराशे वर्षं मागे जाणाऱ्या घराण्यांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत, आणि डीकोडने त्यांची संगणकावर मोठी वंशावळ उभी केली होती. माणसांच्या जनुकांचा अभ्यास करणारी ही यंत्रणा १३ मार्च २०२० पासून विषाणूच्या तपासाला लागली. सरकारी प्रयोगशाळा लक्षणं असलेल्यांची आणि धोक्याच्या ठिकाणाहून आलेल्यांची चाचणी करत होत्या, तर डीकोडने सरसकट सगळ्यांना चाचणीचं निमंत्रण दिलं. पुढे काही जणांना यादीतून यदृच्छया, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, निवडून बोलावलं. पॉझिटिव्ह आलेल्या जवळपास प्रत्येक नमुन्यातल्या विषाणूची पोथी अक्षरन् अक्षर वाचली गेली.

या दोन प्रकारच्या चाचण्यांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. लक्षणं आणि धोका पाहून तपासलेल्या ९,१९९ जणांत १३.३ टक्के पॉझिटिव्ह निघाले. स्वतःहून आलेल्या १०,७९७ जणांत ०.८ टक्के, आणि यदृच्छया निवडलेल्या २,२८३ जणांत ०.६ टक्के. तोच देश, तीच लाट. 'पॉझिटिव्हिटी रेट' नावाचा आकडा आपण दोन वर्षं रोज ऐकला, पण कोणाला तपासलं हे सोबत सांगितलं नाही तर त्यातून काहीच कळत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे, या खुल्या चाचण्यांत दहा वर्षांखालचं एकही मूल पॉझिटिव्ह आलं नाही. शाळा चालू ठेवायचा निर्णय आधीच झाला होता, त्याला या निकालाने बळ दिलं.

पोथ्यांनी आणखी काय सांगितलं? पहिले रुग्ण इटली आणि ऑस्ट्रियाच्या शाखांतले होते, ते अपेक्षितच होतं. ऑस्ट्रियातल्या इशग्ल या स्कीइंगच्या गावाचा संशय तर अक्षरं वाचायच्या आधी, रुग्णांना विचारूनच आला होता. ५ मार्चला आइसलँडने इशग्लला धोक्याच्या यादीत घातलं. तिथल्या प्रादेशिक अधिकाऱ्यांनी संसर्ग आमच्याकडे नव्हे, विमानात झाला असेल असं म्हटलं, आणि गावाची नाकेबंदी व्हायला १३ मार्च उजाडला. ते आठ दिवस युरोपला महागात पडले, असं माझं स्पष्ट मत आहे. मग नंतरच्या नमुन्यांत वेगळ्या शाखा दिसू लागल्या, आणि त्यांचं मूळ ब्रिटनकडे बोट दाखवत होतं. सगळ्यांचं लक्ष आल्प्सच्या दाराकडे असताना दुसऱ्या दारातून विषाणू आधीच आत आलेला होता. धोक्याच्या यादीतल्या देशांतून आलेल्यांनाच तपासत राहिलं असतं, तर हे दिसलंच नसतं.

माणसांना विचारण्याचं काम पोलीस आणि परिचारिकांच्या चमूने केलं. ते प्रत्येक रुग्णाला फोन करून कुठे गेलात, कोणाला भेटलात ते विचारत आणि भेटलेल्यांना विलगीकरणात पाठवत. एप्रिलच्या सुरुवातीला मोबाइल अ‍ॅपही आलं आणि देशातल्या सुमारे ४० टक्के लोकांनी ते उतरवून घेतलं. जगभर त्याचं कौतुक झालं, पण शोधपथकाच्या प्रमुखांनी सरळ सांगितलं, की काही वेळा उपयोग झाला, डाव मात्र फिरला नाही. डाव फिरवला तो फोनवर शांतपणे विचारणाऱ्या माणसांनी. तंत्रज्ञान सगळं सोडवतं, ही श्रद्धाही तपासून घ्यावी अशीच आहे. २०२०च्याच मार्चमध्ये आपल्याकडे मोबाइलवर फिरत होतं, की विषाणू बारा तासच जगतो म्हणून चौदा तासांच्या जनता कर्फ्यूने साखळी तुटेल, आणि थाळीच्या नादाने तो मरतो. रुग्णाच्या शरीरात तो कित्येक दिवस नकला काढत राहतो, दाराबाहेरचा नाद त्याच्या कानी पडत नाही. मला याचा राग येतो तो एवढ्यासाठी, की त्या दिवशी संध्याकाळी लोक विश्वासाने रस्त्यावर एकत्र जमले.

पहिली लाट मे महिन्यात ओसरली. सुमारे १,८०० रुग्ण, १० मृत्यू. त्यानंतर ३० हजारांहून अधिक लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, शोधली गेली, तेव्हा अंदाज निघाला की ०.९ टक्के लोकसंख्येला संसर्ग होऊन गेला होता आणि त्यातले ५६ टक्केच चाचणीत पकडले गेले होते. एवढ्या चाचण्या करणाऱ्या देशातही ४४ टक्के निसटले! संसर्ग झालेल्यांपैकी ०.३ टक्के दगावले.

जून उजाडला, पर्यटक हवेच होते. १५ जूनपासून सीमेवर एक चाचणी सुरू झाली. पण ताजा संसर्ग झालेल्या माणसाच्या घशात पहिले काही दिवस विषाणू सापडत नाही, त्यामुळे १९ ऑगस्टपासून दोन चाचण्या आणि मध्ये पाच दिवस विलगीकरण असा नियम झाला. सप्टेंबरमध्ये रेक्याविकच्या पबमधून नवी लाट उसळली आणि पोथ्या वाचल्यावर दिसलं, की रुग्णांचा मोठा भाग एकाच शाखेतला आहे. हीच अक्षरं ऑगस्टच्या मध्यात सीमेवर पॉझिटिव्ह आलेल्या दोन फ्रेंच पर्यटकांच्या नमुन्यांत होती. लगेच 'फ्रेंच विषाणू' असं बोललं जाऊ लागलं, ते मला पटत नाही. अक्षरं नातं सांगतात, अपराध नाही. त्या दोघांपासून पबपर्यंत मधले दुवे कोण, हे अक्षरांत लिहिलेलं नसतं. ऑक्टोबरमध्ये ही लाट लांडाकोट या वृद्धांच्या रुग्णालयात शिरली, आणि वर्षअखेर २९वर पोहोचलेल्या मृत्यूंपैकी बरेच तिथले होते.

२९ डिसेंबरला आइसलँडमध्ये पहिली लस टोचली गेली. त्याच महिन्यात ब्रिटनने नवा प्रकार जाहीर केला होता, पुढे त्याला अल्फा म्हणू लागले. महिन्याला दोन चुकांची सवय असलेल्या पोथीत इथे प्रथिनं बदलणारे १७ बदल एकदम दिसत होते. प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या एखाद्या रुग्णाच्या शरीरात विषाणू महिनोन् महिने राहिला आणि एकाच घरात बसून लेखनिकाने पानंच्या पानं उतरवली, असं त्याचं स्पष्टीकरण देतात. आइसलँडमध्ये सीमेवर आलेल्या प्रवाशांचेही नमुने वाचले जात होते, त्यामुळे हा प्रकार तिथे सीमेवरच ओळखला गेला.