तीन सातांचा अंगारा

वेबसाइटचं पान उघडेना, '403 फॉरबिडन' (म्हणजे 'परवानगी नाही') दिसलं, की शेजारचा कुणी जाणकार म्हणतोच, "अरे, 777 मार ना." म्हणजे 'सीएचमॉड' या आज्ञेने फाइलीवर सगळ्यांना सगळी मुभा दे. मीही मारलं. नंतर '-आर' (आतल्या सगळ्यासकट) लावून पानांच्या अख्ख्या डिरेक्टरीवर, म्हणजे फोल्डरवर, मारलं. 403 हललं नाही. लिनक्सवाल्यांचा हा अंगारा आहे. लागू पडला तर गुण त्याचा, नाही पडला तर सर्व्हर खराब.

युनिक्स घराण्यात (लिनक्स त्यातलंच) प्रत्येक फाइलीला एक मालक आणि एक गट असतो. बाकीचे सगळे 'इतर'. तिघांनाही वाचणं, लिहिणं, चालवणं यांची मुभा वेगवेगळी. वाचण्याचे 4, लिहिण्याचे 2, चालवण्याचा 1. 1, 2, 4 किलोची एकेकच वजनं असली तर 5 किलो एकाच रीतीने तोलता येतात, 4 आणि 1. म्हणून एका अंकातून तिन्ही उत्तरं चोख निघतात. तीन अंक ओळीने मालक, गट आणि इतर यांचे. 644 म्हणजे मालक वाचेल, लिहील. गट आणि इतर फक्त वाचतील.

इथवर सोपं आहे. खरी मजा डिरेक्टरीत. आपण तिला फायली भरलेली पेटी समजतो, पण ती निव्वळ नावांची वही आहे: एकेक नाव आणि त्यापुढे आयनोडचा क्रमांक. फाइल कुणाची, केवढी, कुठे, हे सगळं आयनोडमध्ये. त्यामुळे डिरेक्टरीवरचं 4 म्हणजे वहीतली नावं वाचणं आणि 1 म्हणजे नावावरून आयनोडपर्यंत पोचणं. 2 म्हणजे नाव लिहिणं-खोडणं, तेही हाताशी 1 असेल तरच. फाइल पुसणं म्हणजे वहीतलं नाव खोडणं! म्हणून 444 लावून 'सुरक्षित' केलेली फाइलसुद्धा, डिरेक्टरीत लिहिता येत असेल, तर उडवता येते. फाइल पुसायची आज्ञा 'आरएम' एकदा विचारते, एवढंच. तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी '/टीएमपी' तर सगळ्यांनाच खुली. तिथे एकाने दुसऱ्याची फाइल उडवू नये म्हणून पुढे आणखी एक 1 लावतात, 1777. त्याला स्टिकी बिट म्हणतात. फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस -एल' मध्ये तो शेवटी 'टी' होऊन दिसतो.

उलटही होतं. 711 ची डिरेक्टरी इतरांना नावं दाखवत नाही, पण नाव ठाऊक असलं तर आत जाऊ देते. अंधाऱ्या जिन्यावरून माहीतगारानेच जावं तसं.

माझं दुखणं तिथेच होतं. वेब सर्व्हर वेगळ्या युजरच्या नावाने चालतो, मालक मी, म्हणून माझ्या फाइलींच्या लेखी तो 'इतर'. पानं माझ्या होम डिरेक्टरीच्या (माझ्या खात्याच्या खासगी फोल्डरच्या) आत आणि ती 700. वाटेतल्या एका पायरीवर 1 नाही, मग खालच्या फाइलीवर सात तीनदा लिहा नाहीतर तीसदा. होम 711 केली, पान उघडलं. फाइलींवरचे तीन सात मात्र तसेच राहिले. त्या मशीनवर खातं असलेल्या कुणालाही माझं पान बदलता आलं असतं. ते 644 वर आणायचं मला दोन दिवसांनी आठवलं.