ग्रुप पॉलिसी बदलतेय? येताना नुसतं कार्ड आणू नका
(निवृत्त ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नूतनीकरणाचे दिवस जवळ आले की आमच्या विम्याच्या ऑफिसात एक वाक्य रोज ऐकू येतं : "कंपनीनं मेडिक्लेम बदलला म्हणे, आता आमचं काय?" पाठोपाठ पाकिटातून प्लॅस्टिकचं कार्ड निघतं आणि टेबलावर येतं. "यावरून बघा की काय ते."

त्या कार्डावरून फारसं काही बघता येत नाही. त्यावर तुमचं नाव, सदस्य क्रमांक आणि टीपीएचा फोन नंबर असतो. टीपीए म्हणजे विमा कंपनी नव्हे. विमा कंपनीच्या वतीनं क्लेमची कागदपत्रं हाताळणारी ती मधली संस्था. विमा नेमका कुठल्या कंपनीचा आहे, हे कार्ड दाखवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना सांगता येत नाही. त्यात त्यांचा दोष नाही. पंचवीस-तीस वर्षं हे सगळं त्यांच्या ऑफिसनं पाहिलेलं असतं, त्यांना कधी बघावंच लागलेलं नसतं.

म्हणून ग्रुप पॉलिसीवर, म्हणजे ऑफिसनं सगळ्यांचा मिळून काढलेल्या विम्यावर, हे पत्रक. एकदा सावकाश वाचा, म्हणजे तुमची एक खेप वाचेल आणि आमचा अर्धा तास.

आधी बदल कसला आहे ते बघा

पत्रात किंवा ईमेलमध्ये "पॉलिसीत बदल" एवढंच लिहिलेलं असलं, तरी त्याचे अर्थ वेगवेगळे असतात. नुसती टीपीए बदलली असेल, तर नवीन कार्ड घ्या, जुनं बाजूला ठेवा (फेकू नका, कारण पुढे सांगतो) आणि तुमचं नेहमीचं हॉस्पिटल नव्या यादीत आहे का ते पाहा. अशा वेळी आमच्याकडे यायचीही गरज नाही. विमा कंपनीच बदलत असेल, विमा रक्कम कमी होत असेल, सहभाग म्हणजे को-पे (क्लेमचा ठरावीक हिस्सा स्वतः भरणं) नव्यानं लागत असेल, किंवा निवृत्तांचा ग्रुपच बंद होणार असेल, तर मात्र यायलाच हवं. तेही तारखेच्या आधी.

ज्या चुकीत सगळ्यांचा वेळ जातो

ती चूक अशी : लोक जुनी पॉलिसी संपल्यावर येतात आणि जुन्या पॉलिसीचा कागद त्यांच्याकडे नसतो.

ग्रुपमधून बाहेर पडून वैयक्तिक पॉलिसी घेताना तुमच्याजवळचं सगळ्यात मौल्यवान भांडवल पैसा नसतो, सलग विम्याखाली काढलेली वर्षं असतात. आधीपासूनच्या आजारासाठी नवी पॉलिसी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. १ एप्रिल २०२४ च्या आधी हीच मर्यादा ४८ महिने होती. ग्रुप पॉलिसीत ही अट बहुतेक वेळा माफ असते, त्यामुळे साठीपर्यंत कोणाला तिची झळ लागलेली नसते. तुम्ही ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत रीतसर गेलात, तर मागची सलग वर्षं या थांबण्यातून वजा होतात. मधे ब्रेक पडला, तर घड्याळ शून्यापासून सुरू. मग मधुमेह, रक्तदाब, गुडघे, सगळं नव्यानं रांगेत उभं.

"त्याच विमा कंपनीच्या" हे शब्द परत वाचा. ग्रुप एका कंपनीकडून दुसरीकडे गेला, की जुन्या कंपनीशी तुमचं नातं त्या दिवशी संपतं. आठ वर्षं तिच्याकडे होतात आणि तिच्याचकडे वैयक्तिक पॉलिसी हवी असेल, तर तो निर्णय ग्रुप हलण्याच्या आधीच घ्यावा लागतो. अशी विचारणा करायला लोक आमच्याकडे येतात, ते बहुतेक महिना उलटून गेल्यावर.

आता कागद कुठला ते सांगतो. ग्रुप पॉलिसीत प्रत्येक सदस्याला विम्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यावर विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, सुरुवात आणि शेवट, विमा रक्कम, आणि तुमच्या व पत्नीच्या किंवा पतीच्या नावापुढे जन्मतारीख असते. मागच्या तीन-चार वर्षांची अशी प्रमाणपत्रं असली की सलगता दाखवता येते. हे कागद बहुतेकांना ऑफिसच्या ईमेलवर आलेले असतात, टीपीएचं ॲपही त्याच ईमेलनं उघडतं. आणि ऑफिसचं ईमेल निवृत्तीनंतर बंद होतं! निरोप समारंभ, शाल-श्रीफळ, फोटो सगळं व्यवस्थित पार पडतं आणि दुसऱ्या दिवशी आठ वर्षांचे पुरावे कुलूपबंद होतात. मग एचआरमधल्या नव्या मुलाला फोन, तो सुट्टीवर, मग जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीनं अर्ज. यात तीन-तीन आठवडे गेलेले आम्ही पाहिले आहेत, आणि नेमके तेवढेच दिवस हातात असतात.

तेव्हा निवृत्तीला सहा महिने राहिले असतील, तर आजच ती प्रमाणपत्रं उतरवून स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवा. एक-एक प्रत छापून घ्या. टीपीएकडचा मोबाइल नंबर स्वतःचा आहे ना, तेही बघा. काही ठिकाणी ऑफिसनं दिलेल्या सिमचा नंबर असतो, आणि ते सिमही परत करावं लागतं.

नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, हे त्याच बैठकीत तपासा. एका प्रमाणपत्रावर पत्नीचं माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं, असं नेहमी सापडतं. आम्हाला ते दुरुस्त करून घेता येतं, पण त्यासाठी तुमच्या ऑफिसचं पत्र लागतं, आणि पत्र त्या ऑफिसात नोकरीवर असताना जितकं सहज मिळतं तितकं नंतर मिळत नाही.

आम्ही इतकं का विचारतो

आमच्याबद्दल एक तक्रार आमच्या कानावर आहे : "फॉर्म भरायला गेलो तर पोलिसासारखी चौकशी करतात." खरं आहे. वीस वर्षांपूर्वीचं ऑपरेशन, बंद केलेली गोळी, एकदाच वाढलेली साखर, सगळं विचारतो. एका गृहस्थांनी आम्हाला सांगितलं, "बीपी म्हणजे काय आजार आहे का? या वयात असायचंच." असायचंच असेल, पण फॉर्मवर लिहायचंच.

कारण असं. सलग ६० महिने विमा झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक सोडली तर, "तुम्ही माहिती लपवलीत" म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत पूर्वी आठ वर्षं होती, २०२४ पासून पाच झाली. पण ती पूर्ण होईपर्यंत जुनी डिस्चार्ज समरी एका ओळीवरून क्लेम अडवू शकते. "मागील दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब" हे वाक्य डॉक्टर रुग्णाच्याच तोंडून ऐकून लिहितात. दुसरीकडे "काही लिहू नका, आम्ही करून देतो" असं सांगणारे भेटतील. त्यांच्याकडून आलेली अडकलेली प्रकरणं नंतर आमच्याकडे येतात, म्हणून थोडं अधिकारानं सांगतो.

अर्धवट फॉर्मवर आम्ही सही घेत नाही, आणि फोनवर माहिती घेऊन फॉर्म भरत नाही. याला वेळ लागतो. एक-दोन ग्राहक त्यामुळे गेलेही. गेले तर गेले.

ग्रुप सोडायचा का?

आमचा कल स्पष्ट आहे : नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत ग्रुप सोडू नका. त्याच कंपनीत जायचा हक्क नियमात असला, तरी अर्ज तपासण्याचा अधिकार कंपनीकडे राहतो. विमा कंपन्यांनी सगळ्या वयोगटांसाठी पॉलिसी ठेवाव्यात असं २०२४ पासून विमा नियामकाचं (आयआरडीएआयचं) म्हणणं आहे, पण तुमचा अर्ज स्वीकारलाच पाहिजे असं कुणी म्हटलेलं नाही. वैद्यकीय तपासणी होईल, हप्ता वाढवून मागतील, कधी नाहीही म्हणतील.

मग हप्ता एवढा का वाढतो, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. नुसत्या निवृत्तांचा ग्रुप दर वर्षी एक वर्षानं म्हातारा होतो. क्लेम वाढतात म्हणून हप्ता वाढतो. हप्ता वाढला की ज्यांना काही दुखणं नाही ते बाहेर पडतात. उरलेल्यांचे क्लेम सरासरीनं आणखी जास्त, पुढच्या वर्षी हप्ता आणखी जास्त. यात कुणाचा डाव असतो असं नाही, गणितच तसं आहे. ज्येष्ठांच्या वैयक्तिक पॉलिसीचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, हा जानेवारी २०२५ चा आदेश. ग्रुपचा हप्ता मात्र वाटाघाटीत ठरतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, ग्रुपवर १८ टक्के आहे. त्यामुळे दोन्ही हप्त्यांची तुलना करताना जीएसटी धरूनच आकडा घ्या.

तरीही सगळ्यांनी ग्रुप सोडून आमच्याकडे पॉलिसी काढावी, असं आम्ही सांगत नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, बायपास झालेल्या माणसाला ग्रुपमध्ये जे मिळतं ते बाहेर सहजी मिळणार नाही. त्यांना आम्ही परत पाठवतो, बहुतेक वेळा सुपर टॉप-अपचा सल्ला देऊन. टॉप-अप म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड-पॉलिसी. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभरातले सगळे खर्च एकत्र मोजले जातात. साध्या टॉप-अपमध्ये बऱ्याचदा प्रत्येक वेळचा खर्च वेगळा मोजतात. ग्रुपची रक्कम तीन लाखांवर आली असेल आणि वर्षात दोनदा दोन-दोन लाख खर्च झाला, तर तीन लाखांच्या वरचं सुपर टॉप-अप एक लाख देईल, साधं टॉप-अप काहीच देणार नाही. नावात एका शब्दाचा फरक.

रक्कम वाढवून घेताना एक लक्षात असू द्या : जुनी रक्कम पाच लाख आणि नवी दहा असेल, तर मागच्या वर्षांचा फायदा पाच लाखांपुरताच. वरच्या पाच लाखांसाठी थांबणं नव्यानं सुरू होतं.

सत्तरी पूर्ण झालेल्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, योजनेतल्या हॉस्पिटलांत. खासगी पॉलिसी असली तरी काढता येतं. यात आम्हाला एक पैसाही मिळत नाही. काढा.

खोलीच्या भाड्याचं कलम

नव्या अटींच्या वीस पानांतलं एकच कलम वाचायचं असेल, तर हे वाचा. समजा भाड्याची मर्यादा ५,००० रुपये आहे आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली. चार दिवसांचे १२,००० वरचे, ते आपण भरू, असा हिशेब सगळे करतात. पण डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चही त्याच प्रमाणात, पाच-अष्टमांश, मंजूर होऊ शकतात. हे खर्च १,६०,००० असतील तर १,००,००० मिळतील आणि ६०,००० तुमच्या खिशातून जातील, भाड्याचा फरक वेगळा. औषधं आणि इम्प्लांट यांना ही कात्री लावत नाहीत. दाखल होतानाच "माझी मर्यादा अमुक आहे" असं काउंटरवर सांगितलं, तर हा प्रसंगच येत नाही.

बदलाच्या तारखेला हॉस्पिटलमध्ये असाल तर

ज्या दिवशी दाखल झालात, त्या दिवशी चालू असलेल्या पॉलिसीवर क्लेम होतो. महिनाअखेरीला दाखल होऊन पुढच्या महिन्यात घरी आलात, तर क्लेम जुन्या कंपनीकडे. घरी आल्यावरच्या तपासण्या आणि औषधांची बिलंही, पॉलिसीत दिलेल्या दिवसांपर्यंत, जुन्याच टीपीएकडे जातात. जुनं कार्ड फेकू नका म्हटलं ते याचसाठी.

आमच्याकडे येताना

मागच्या सगळ्या वर्षांची प्रमाणपत्रं, बदलाचं पत्र, दोघांचं आधार आणि पॅन, चालू औषधांची चिठ्ठी, असतील त्या डिस्चार्ज समऱ्या. तारखेच्या दोन महिने आधी या. बँक निवृत्तांची सामाईक पॉलिसी १ नोव्हेंबरला बदलते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे बसायला खुर्ची नसते. तुम्ही ऑगस्टमध्ये आलात तर चहाही मिळेल.

पॉलिसी काढली तर आम्हाला विमा कंपनीकडून कमिशन मिळतं, तुमच्याकडून वेगळी फी घेत नाही. कागद बघून "आहे ते ठीक आहे, काही बदलू नका" एवढंच सांगायचं असेल, तर त्याचे पैसे नाहीत. आमच्या ग्राहकांचा क्लेम अडला तर पत्रव्यवहार आम्ही करतो. कंपनीनं महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाण्यासाठी अर्जही लिहून देतो. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे त्यांची कार्यालयं आहेत, आणि तिथे वकील लागत नाही.

आणि शक्यतो दोघंही या. गोळ्यांची नावं साहेबांना आठवत नाहीत, बाईंना पाठ असतात.