लॅपटॉप रिपेरिंगला आणताय? आधी तो ४८ आकडी नंबर शोधा

"काही केलं नाही हो, रात्री नीट बंद केला होता, सकाळी चालू केला तर निळी स्क्रीन आणि कसलातरी नंबर मागतोय." असं म्हणत येणारे हल्ली इतके झालेत की प्रत्येकाला काउंटरवर उभ्याउभ्या तेच सांगत बसण्यापेक्षा हा कागद छापून घेतलाय. व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकतोय, घरात कुणाकडे नवीन लॅपटॉप असेल तर त्यांना पाठवा.

पहिलं म्हणजे घाबरू नका. ती निळी स्क्रीन म्हणजे व्हायरस नाही, कुणी हॅक केलेलं नाही आणि लॅपटॉप जळालेलाही नाही. स्क्रीनवर बिटलॉकर असं लिहिलेलं दिसेल, त्याचा अर्थ एवढाच की तुमची डिस्क लॉक आहे आणि विंडोज तुमच्याकडे रिकव्हरी की मागतंय. ही की म्हणजे ४८ आकडे, सहा-सहाचे आठ गट. "पण मी कधी लॉक केलंच नाही" असं सगळेच म्हणतात आणि ते खरं असतं. विंडोज ११ चा लॅपटॉप पहिल्यांदा चालू करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच मशीनवर हे कुलूप आपोआप लागतं, कुणी विचारत नाही, कळतही नाही. २०२४ च्या शेवटी आलेल्या २४एच२ व्हर्जनपासून तर नवीन विंडोज टाकलं की जवळपास लागतंच. त्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे नेहमीचे फुकट अपडेट बंद झाले, त्यामुळे लोक धडाधड ११ वर आले, म्हणून हा प्रकार आत्ताच एवढा दिसतोय.

रोज नंबर का मागत नाही मग? कारण मदरबोर्डवर टीपीएम नावाची चिप असते, ती रोज गुपचूप कुलूप उघडून देते. बोर्ड बदलला, बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाला, बायोसमधलं एखादं सेटिंग इकडचं तिकडे झालं की चिपला शंका येते, हे तेच मशीन आहे का म्हणून, आणि ती अडून बसते. बायोसचा अपडेट हल्ली विंडोज अपडेटमधूनच येतो, तुम्ही रात्री "अपडेट अँड शट डाऊन" दाबून झोपलात की काम झालं, म्हणजे "काही केलं नाही" हे तुमचं म्हणणं आम्हाला पटतं, फक्त त्याने नंबर काही मिळत नाही.

जुलै २०२४ मध्ये एका सिक्युरिटी सॉफ्टवेअरच्या अपडेटमुळे जगभर कॉम्प्युटर बंद पडले होते, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, आठवत असेल. तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांचे आयटीवाले एकेका मशीनसाठी हीच की शोधत बसले होते. त्यामुळे आपल्याला जमलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका.

आता मुद्द्याचं. सगळ्यात जास्त वेळ कशात जातो माहितीये? दुरुस्तीत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंट कुठल्या ईमेलवर आहे हेच माहीत नसतं त्यात. लॅपटॉप घेतला तेव्हा शोरूमच्या पोराने पटकन एक आयडी बनवून दिलेला असतो, किंवा पुण्याच्या भाच्याने स्वतःचा आयडी टाकून चालू करून दिलेला असतो, किंवा मुलीने कॉलेजच्या ईमेलने केलेला असतो आणि कॉलेज संपून तो ईमेल बंद झालेला असतो. मग लॅपटॉप आमच्या टेबलावर पडून, तुम्ही भाच्याला फोन लावताय, भाचा मीटिंगमध्ये, आणि मागे तीन गिऱ्हाईकं उभी. काम अर्ध्या तासाचं पण मशीन आठवडाभर आमच्याकडे, आणि मग "तुमच्याकडे फार वेळ लागतो" हेही आम्हीच ऐकायचं.

आणखी एक घोळ म्हणजे पिन. लॅपटॉप उघडताना तुम्ही जे चार किंवा सहा आकडे टाकता तो पिन फक्त त्या मशीनचा असतो. तो मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड नाही. जीमेलचा पासवर्ड पण वेगळा, अकाउंट जीमेलच्या आयडीवर काढलेलं असलं तरीसुद्धा. आम्ही पासवर्ड विचारला की लोक पिन सांगतात, तो चालत नाही, मग पुन्हापुन्हा चुकीचा टाकला की अकाउंटच थोडा वेळ लॉक होतं.

की शोधायची अशी, आणि लॅपटॉप चालू आहे तोवर शोधायची, बिघडल्यावर नाही. सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन तुमचा ईमेल कुठला दिसतो तो वहीत लिहा. मग मोबाईलच्या ब्राउझरमध्ये अकाउंट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम उघडून त्याच ईमेलने लॉगिन करून बघा, होतंय का. झालं की डिव्हायसेसमध्ये तुमचा लॅपटॉप दिसेल, त्याच्या डिटेल्समध्ये रिकव्हरी की बघायचा पर्याय आहे. एकापेक्षा जास्त मशीन त्याच आयडीवर असतील तर दोनचार की दिसतील, त्यात गोंधळ होतो, तर निळी स्क्रीन आली की तिच्यावर 'की आयडी' म्हणून लिहिलेलं असतं त्याची पहिली आठ अक्षरं जुळवा, जी जुळेल ती तुमची. जुना विकून टाकलेला लॅपटॉपसुद्धा या यादीत असू शकतो.

मिळाली की कागदावर लिहा किंवा प्रिंट काढा आणि लाईटबिल, गॅसचं पुस्तक ठेवता त्या फाईलला लावा. मोबाईलमध्ये फोटो असला तरी चालेल, पण त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर नको. हसू नका, कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट लावून घेणारे आमच्याकडे नेहमी येतात.

मिळालीच नाही तर? इथे जरा स्पष्ट बोलतो. तुमचा लॅपटॉप वाया जात नाही, आम्ही नवीन विंडोज टाकून त्याच दिवशी चालू करून देऊ शकतो. पण आतले फोटो, कागदपत्रं, सोसायटीचा हिशेब, सगळं जातं. "आधी तर तुम्ही हार्डडिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून सगळं काढून द्यायचात" हे खरंय, द्यायचो, कारण आधी डिस्कला कुलूप नव्हतं. आता तीच डिस्क कुठेही लावा, पहिल्यांदा तो नंबरच मागणार. आम्ही नाही म्हटलं की लोक दुसरीकडे जातात, आणि एखादा "करून देतो" म्हणतो, पैसे घेतो आणि फॉरमॅट मारून परत देतो. की शिवाय बिटलॉकर उघडून देतो असं म्हणणाऱ्याला एकच विचारा, कसं? अकाउंटचा पासवर्ड विसरला असेल तर तो परत मिळवता येतो, पण जोडलेला मोबाईल नंबरही बंद झाला असेल तर सगळी सिक्युरिटी माहिती बदलायला मायक्रोसॉफ्ट ३० दिवस थांबवतं. त्यात आमचा काही हात नाही आणि रोज फोन केल्याने ते लवकर होत नाही. म्हणून नंबर बदलला की बँकेत जसा सांगता तसा इथेही बदला.

कुलूप काढूनच टाकता येतं का, असं विचारतात. येतं, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणून आहे, ते बंद केलं की सगळं उघडायला वेळ लागतो, तोवर चार्जर लावून ठेवा. पण लॅपटॉप घेऊन लोकल, एसटीने फिरत असाल तर माझं मत, राहू द्या. चोरीला गेला तर निदान तुमचं आधार-पॅन, बँकेची स्टेटमेंटं दुसऱ्याच्या हाती लागत नाहीत. घरात टेबलावरून न हलणारं मशीन असेल तर बंद करून देतो, तुम्ही सांगा तसं. होम एडिशनमध्ये हे सेटिंग दिसतच नसेल तर बहुतेक तुमच्या मशीनवर ही भानगड नाही.

आणि ही की फोनवर कुणालाही सांगू नका. मायक्रोसॉफ्ट घरी फोन करत नाही. गूगलवर कस्टमर केअर शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करायचा, मग पलीकडचा माणूस एनीडेस्क (तुमची स्क्रीन त्याच्या हातात देणारं ॲप) टाकायला सांगणार, हे सगळं ठरलेलं आहे. पैसे गेले असतील तर आमच्याकडे येण्याआधी १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन करा, जितका लवकर तितकं बरं.

जाता जाता "फक्त फॉरमॅट मारून द्या" वाल्यांसाठी. फॉरमॅटच्या आधी आम्ही दहा प्रश्न विचारतो आणि जॉबकार्डवर सही घेतो, त्याचा काहींना राग येतो. पण "आत काही नाही" म्हणणाऱ्यांना तिसऱ्या दिवशी आठवतं की मुंजीचे फोटो डाऊनलोड्समध्ये होते, आणि एसएसडीवरून (हल्लीच्या लॅपटॉपमधली डिस्क) पुसलेलं परत मिळणं बहुतेक वेळा अशक्यच असतं. मराठी टायपिंगचंही तेच. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेख अशा जुन्या मराठी फॉन्टमध्ये काम असेल तर आधी सांगा, फॉन्ट काढून ठेवतो, नाहीतर फॉरमॅटनंतर त्या फाईली उघडल्या की नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतात आणि "तुम्ही मराठी घालवलंत" असं होतं. वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवरची साठवणीची जागा) फुल झालं म्हणून त्यातलं सरसकट डिलीट करू नका, फुकट जागा ५ जीबीच असते हे मान्य, पण बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तिथेच जोडलेले असतात, तिकडून उडवलं की इकडूनही जातं. चुकून उडवलंच तर वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस असतं, तेवढ्यात या.

आमच्याकडून नवीन लॅपटॉप घेतला किंवा विंडोज टाकून घेतलं की आयडी तुमच्याच ईमेलवर, तुमच्या समोर बनवतो, पासवर्ड तुम्हीच टाकायचा, आणि कीची प्रिंट बिलाबरोबर पाकिटात देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. ऑनलाईन थोडं स्वस्त मिळतं हे आम्हालाही दिसतं, पण हे पाकीट त्या खोक्यात येत नाही. दुसरीकडून घेतलेला लॅपटॉप असला तरी आणा, की काढून आणि एक्स्टर्नल हार्डडिस्कवर बॅकअप लावून देतो, हार्डडिस्क तुमची असेल तर फक्त कामाचे पैसे. ज्येष्ठ मंडळींकडे घरी येऊन करतो, फक्त आदल्या दिवशी फोन करा आणि अकाउंट ज्याने उघडून दिलंय त्या भाच्याला त्या वेळी फोन उचलायला सांगून ठेवा.

दुरुस्तीला येताना लॅपटॉप, चार्जर, अकाउंटला जोडलेला मोबाईल (ओटीपी त्यावरच येतो, तो घरी ठेवून येऊ नका) आणि की असलेला कागद. बॅग, माऊस, पेनड्राइव्ह घरीच ठेवा, नंतर कुणाचं काय ते शोधत बसावं लागतं.